रिकामा बदल

चिडायला प्रत्येकाला काहीतरी लागतं. कुणाला शेजारी पुरतो, कुणाला सरकार, कुणाला स्वतःचा जावई. ताईंना ओळीच्या सुरुवातीची एक जास्तीची मोकळी जागा पुरत असे.

यात हसण्यासारखं काही नाही, त्यांचा धंदाच तो होता. त्यांची कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक संगणकी भाषा विकत असे, आणि ती भाषा कशी वापरायची हे सांगणारी अकराशे चाळीस पानं ताई सांभाळत. कागदाची नव्हेत, संकेतस्थळावरची. त्यातल्या ‘मजकूर मांडणी’ नावाच्या पानावर त्यांचा विशेष जीव होता. अक्षरं आणि आकडे छापताना डावीकडे कसे सरकवायचे, उजवीकडे कसे, दोन्ही बाजूंना किती जागा सोडायची, सगळं त्या एका पानावर. बारा वर्षांपूर्वी ताईंनी ते लिहिलं होतं. लोक ते वाचून प्रोग्रॅम लिहीत, पगार घेत आणि ताईंना विसरून जात. चांगल्या पानाची हीच खूण, असं ताई म्हणत.

अशा पानांच्या मूळ मजकुरात एक गंमत असते. ओळ किती आत सरकवली आहे यावरून यंत्र ठरवतं की ही ओळ कुणाची. थोडी आत असली तर ती वरच्या मुद्द्याची टीप. आणखी दोन घरं आत गेली की यंत्राला वाटतं, हा प्रोग्रॅमचा नमुना असणार, आणि ते तिला उचलून करड्या चौकटीत नेऊन बसवतं. म्हणजे शब्द काय बोलतो यापेक्षा तो कुठं उभा आहे याला तिथं जास्त मान. जगातही तसंच असतं, फक्त जग ते कबूल करत नाही.

ताई स्पेस मोजत. पडद्यावर बोट टेकवून, ओठ हलवत, एक दोन तीन करत मोजत. म्हणून ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना ‘ताई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘फूटपट्टी’. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मंगळवारी दुपारी भाचीचा फोन आला. थोरल्या बहिणीची मुलगी. पंपांचे सुटे भाग साठवणाऱ्या एका गोदामात पाच महिन्यांपूर्वी लागली होती. सहा महिने उमेदवारी, पटली तर कायम. खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा प्रोग्रॅम तिच्या ताब्यात.

“मावशी, ते मजकूर मांडणीचं पान तूच लिहिलंयस ना?”

“मग काय शेजारीण लिहिणार?”

“मग माझी नोकरी तू घालवलीस. एवढंच सांगायला फोन केला.”

“अगं, नीट बोल. काय झालं?”

“आमच्या भागांचे नंबर सहा आकडी. मी महिन्याभरापूर्वी लेबलात ‘कमाल रुंदी’ दिली, सहा. रांग सरळ दिसावी म्हणून. मग नवीन माल आला, त्याचे नंबर सात आकडी. मला वाटलं, न मावणारा आकडा आला तर यंत्र ओरडेल. ते कशाला ओरडतंय? शेवटचा आकडा गिळून गप्प बसलं. दहा प्रकारचे वॉशर एकाच नंबरचे झाले, मावशी. अकराशे खोकी भलत्याच ठिकाणी जाऊन पडली.”

ताईंचा आवाज चढला. “आकड्यांना कमाल रुंदी वापरलीस? अगं, तिथंच लिहिलंय, त्याच मुद्द्याखाली, की आकड्यांना वापरू नका! वाचायचं नाही, नुसता हात चालवायचा, आणि मग मावशीच्या नावानं—”

“वाचून दाखवू? समोर उघडं आहे पान.”

“दाखव.”

“‘ही सोय आकड्यांसाठीही वापरावी.’ करड्या चौकटीत आहे. नमुन्याच्या खाली.”

ताईंनी माऊस ओढला. त्यांनी पान उघडलं.

त्यांचं मूळ वाक्य असं होतं: ‘ही सोय आकड्यांसाठीही वापरावी असे वाटेल, पण तसे करू नये, न मावणारे अंक न विचारता कापले जातात.’ हे वाक्य मुद्द्याखाली ठळक टीप म्हणून बसायला हवं होतं. ते बसलं होतं करड्या चौकटीत. आता टीप लांब असली की खालच्या ओळीवर वळते, पण करड्या चौकटीत ओळी वळत नाहीत. जेवढं मावतं तेवढं दिसतं, उरलेलं चौकटीच्या उजव्या भिंतीआड जातं. ते बघायचं तर चौकटीखालची दोऱ्याएवढी पट्टी माऊसनं धरून ओढावी लागते. चौकट ‘वापरावी’पाशी संपत होती. कापाकापीविषयीचा इशारा यंत्रानं न विचारता कापला होता.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांत त्या पानावर अनुस्वार चुकला नव्हता.

“गुरुवारी अकराला चौकशी आहे माझी,” भाची म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. “आमचे मॅनेजर म्हणतात, मी पान वाचलंच नाही आणि आता पुस्तकावर खापर फोडतेय. शुक्रवारी त्यांनी तुमच्या कंपनीला पत्र टाकलंय, या पानावर इशारा होता की नव्हता ते कळवा म्हणून. तसं उत्तर आलं तर मी राहीन. नाही तर गुरुवारी दुपारी घरी.”

“येईल उत्तर. मी बघते.”

“बघू नकोस मावशी. लिहून दे.”

ताईंनी मूळ मजकूर उघडला आणि बोट टेकवलं. टिपेच्या आधी सहा स्पेस हव्या होत्या. आठ होत्या. सहा चालतात, आठ चालत नाहीत. दोन खोडल्या, खाली कारण लिहिलं आणि बदल मंजुरीला पाठवला. दहा मिनिटांत परत आला. शेरा: ‘रिकामा बदल. कृपया बदल करून मग पाठवावा.’ ताईंनी पुन्हा पाठवला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा त्यांनी कारणाच्या रकान्यात एवढं मोठं कारण लिहिलं की त्याला स्वतंत्र पान द्यावं लागलं असतं. शेरा तोच, फक्त ‘कृपया’ गळालं होतं.

मग त्या उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांना सगळे ‘इस्त्री’ म्हणत. त्यांच्या शर्टाला सुरकुती नसे, कपाळाला नसे आणि बोलण्यालाही नसे. त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस घसरून बाहेर येई. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक प्रशस्तिपत्र होतं. दीड महिन्यापूर्वी त्यांनी ‘नीटनेटकेपणा सप्ताह’ पाळला होता, त्याचं.

“साहेब, माझा बदल तुम्ही तीनदा परत पाठवलात.”

“ताई, बसा. बदल असता तर मी परत कशाला पाठवला असता? हे बघा.” त्यांनी पडदा वळवला. डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. दोन्ही जुळ्या भावांसारखे. “दाखवा मला फरक. मी आत्ता मंजूर करतो.”

“फरक स्पेसचा आहे. तुम्ही स्पेस लपवून बघताय. ती वरची खूण काढा, ‘मोकळ्या जागांतले फरक लपवा’.”

“ती काढली की सगळा पडदा लाल-हिरवा होतो, ताई. डोळे दुखतात. सगळ्यांच्याच पडद्यावर ती खूण आहे. तुमच्याही असेल.”

ताईंच्याही होती. ताईंना आणखी राग आला.

“साहेब, पान चुकीचं दिसतंय. लोक वाचून चुका करताहेत.”

“दोन मोकळ्या जागांनी? मोकळ्या जागेत असतं काय हो एवढं?”

“माझ्या भाचीची नोकरी असते!”

बोलल्याबरोबर ताईंना कळलं की आपण जीभ सैल सोडली. साहेबांच्या कपाळावर पहिल्यांदाच एक बारीक आठी आली, आणि लगेच त्यांनी ती सरळ केली.

“अच्छा,” ते म्हणाले. “ते गोदामाचं पत्र आलंय, त्यातली मुलगी तुमची भाची. मग तर तुम्ही या प्रकरणापासून चार हात लांब राहायला पाहिजे. नात्याचा मामला. उद्या कुणी बोट ठेवलं तर मला वाईट वाटेल. मी बघतो काय करायचं ते. निश्चिंत राहा.”

‘निश्चिंत राहा’ असं सांगणारा माणूस आणि ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणणारा डॉक्टर, दोघांच्याही हाताकडे लक्ष ठेवावं. ताई साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत बाहेर आल्या.

बुधवारी सकाळी ताईंनी पान उघडलं तर टीप जाग्यावर. ठळक, मुद्द्याखाली, वाक्य शेवटच्या पूर्णविरामापर्यंत दिसतंय. ताईंना बरं वाटलं. चहा गार होईपर्यंत वाटलं. मग थोरलीचा फोन आला.

“अभिनंदन,” थोरली म्हणाली.

“कशाचं?”

“तुमच्या कंपनीचं पत्र आलंय गोदामात. पोरगी मला वाचून दाखवत होती, रडत नव्हती, हेच नशीब. ऐक. ‘आमच्या नोंदींनुसार सदर पानाच्या मजकुरात गेल्या दोन वर्षांत एकाही शब्दाचा बदल झालेला नाही. आवश्यक तो इशारा पानावर ठळकपणे दिलेला आहे. कृपया पान पाहावे.’ त्यांनी पान पाहिलं. इशारा आहे. ठळक आहे. आता माझी मुलगी नुसती निष्काळजी नाही, खोटारडीसुद्धा आहे.”

“अगं, पण ते आत्ता दुरुस्त—”

“लहानपणी माझी वही फाडून वर तूच आईकडे रडत जायचीस. तुझ्यात काही फरक पडलेला नाही. पन्नाशी उलटली, नुसतं वजन वाढलं.”

फोन बंद. ताईंना थोरलीचा राग यायला हवा होता, पण त्याला रांगेत उभं राहावं लागलं, पुढे बरेच जण होते.

त्या आधी दाढीकडे गेल्या. दाढी म्हणजे यंत्रणा सांभाळणारा प्रोग्रॅमर. दोन मुलांचा बाप, भला माणूस. कुणी काही सांगितलं तर करून टाकायचा, आणि हाच त्याचा एकमेव दोष होता.

“पान तू दुरुस्त केलंस?”

“हो ताई. काल संध्याकाळी साहेब म्हणाले, दोन स्पेस काढ आणि थेट टाक. मी म्हटलं, मंजुरी? तर म्हणाले, रिकाम्या बदलाला मंजुरी कसली.” दाढीनं त्यांच्याकडे पाहिलं. “का? चांगलंच झालं ना?”

ताई तशाच वळल्या. साहेबांच्या खोलीचं दार त्यांनी ठोठावलंसुद्धा नाही.

“साहेब, तुम्ही खोटं पत्र पाठवलंत.”

“ताई, दार लावा.” साहेबांचा आवाज गुळगुळीत होता. “पत्रात खोटं काय ते सांगा. एक शब्द बदललाय?”

“शब्द नाही बदलला, पण—”

“इशारा पानावर आहे?”

“आज आहे! काल करड्या चौकटीत अर्धा कापलेला होता!”

“पण होता. त्या मुलीनं पट्टी ओढून वाचला असता तर पूर्ण दिसला असता. वाचकानं थोडे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?”

“बारा वर्षं सहा स्पेस होत्या तिथं. आठ कुणी केल्या?”

साहेबांनी खुर्ची जराशी फिरवली, त्यामुळे ते प्रशस्तिपत्राच्या बरोबर पुढे आले. “सप्ताहात आपण सगळी पानं चारच्या पटीत आणली. चार, आठ, बारा. शिस्त. तुमच्या सहा कुठल्या नियमात बसत होत्या ते मला माहीत नाही. सगळं रीतसर झालंय, ताई. दोन मंजुऱ्या घेऊन. नोंद सगळ्यांना खुली आहे, जाऊन बघा.”

एवढं बोलून ते हसले. ते का हसले हे ताईंना दुपारी कळलं.

दाढीच्या शेजारी खुर्ची ओढून ताई बसल्या. “सप्ताहाची नोंद काढ. आणि ती खूण काढून टाक.”

दाढीनं खूण काढली आणि पडदा लाल-हिरवा झाला. साहेब एवढं खरं बोलले होते, डोळे दुखले. पान खाली जात होतं, जात होतं, संपत नव्हतं. अकराशे चाळीस पानं, आणि जवळजवळ प्रत्येकावर कुठली ना कुठली ओळ एक-दोन घरं सरकलेली. खूण परत लावली की सगळं पांढरंशुभ्र: ‘फरक: काही नाही’. खूण काढली की रणधुमाळी. दाढीनं दोनदा तसं करून दाखवलं. तिसऱ्यांदा ताईंनी त्याचा हात धरला.

“मजकूर मांडणी दाखव. हां. छाप हे. आधीचं आणि नंतरचं. आणि वर तारीख आहे, मंजुऱ्या आहेत, तेही छाप. दोन मंजुऱ्या कुणाच्या ते बघूच दे गोदामाच्या मॅनेजरला. पहिली साहेबांची, हे तर दिसतंयच. दुसरा महाभाग कोण?”

दाढीनं पान वर सरकवलं नाही.

“अरे, कोण?”

“ताई, पहिलं पान सोडून छापू का? फरक दुसऱ्या पानापासून सुरू होतो. पहिल्यावर नुसत्या मंजुऱ्या आहेत.”

ताईंनी त्याच्या हातातून माऊस घेतला आणि स्वतः वर गेल्या. दुसऱ्या मंजुरीपुढे त्यांचंच नाव होतं. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी उघडलं, चार वाजून दहा मिनिटांनी मंजूर.

त्यांना ती दुपार आठवली. यजमानांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, पर्स खांद्याला लावून झाली होती, तेवढ्यात पडद्यावर विनंती आली. अकराशे चाळीस पानं. फरक: काही नाही. ताईंनी पहिली तीन-चार पानं चाळली, खरंच काही नव्हतं. काही नाही म्हणजे काही नाही. बटण दाबलं आणि निघाल्या. जिनं आयुष्यभर बोट टेकवून स्पेस मोजल्या, तिनं अकराशे चाळीस पानं चार मिनिटांत सोडली. पानाला सेकंदाचा पाव वाटाही नाही.

राग हा फार सोयीचा असतो, समोर माणूस असेपर्यंत. मंगळवारपासून ताईंनी भाचीवर करून पाहिला, साहेबांवर केला, दाढीवर केला, थोरलीचा नंबर लागायचा होता. आता सगळी वरात फिरून दारात आली आणि दार स्वतःचंच निघालं.

“मी साहेबांना सांगणार नाही तुम्ही काय छापलं ते,” दाढी हळूच म्हणाला. “पण पहिलं पान बाहेर गेलं तर ताई, ते तुमच्यावरच शेकणार. साहेब म्हणतील, मी विश्वासानं मंजूर केलं, तपासायचं काम त्यांचं. आणि ते खरंच तुमचं आहे.”

“माहीत आहे मला माझं काम!” ताई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं उगाचच स्वतःचा पडदा बंद केला.

मग त्यांनी मनात हिशेब केला. निवृत्तीला चौदा महिने होते. पहिलं पान सोडूनही भाचीचं काम भागेल, असं त्यांच्या मनात आलं. एकदा नव्हे, तीनदा आलं. पण सुरुवातीचं पान गाळलेला कागद समोर आला तर त्या स्वतः काय विचारतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘आधीचं कुठाय?’ हेच विचारतात. गोदामाचा मॅनेजर काही कमी खवट नसणार.

“सगळं छाप,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पानापासून.”

गुरुवारी पावणेअकराला ताई गोदामात पोचल्या. मॅनेजरची खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि काचेची एक मोठी खिडकी, तिच्यातून खाली खोक्यांच्या रांगा दिसत होत्या. मॅनेजर धिप्पाड होते, सर्दीनं बेजार होते आणि सर्दीचा राग जगावर काढत होते. भाची भिंतीपाशी उभी होती. तिनं मावशीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“तुम्ही कोण?”

“ज्या पानावरून हे चाललंय, ते लिहिणारी. आणि हिची मावशी. दोन्ही आधीच सांगते, नंतर निघालं असं नको.”

“मावशी!” मॅनेजरनी नाक पुसलं. “छान. आता आत्या आणि काका येतील. बाई, तुमच्या कंपनीचं पत्र आहे माझ्याकडे. मी स्वतः पान बघितलंय. इशारा आंधळ्यालासुद्धा दिसेल असा आहे.”

“बुधवारी बघितलंत. मंगळवारी संध्याकाळी दुरुस्त केलाय तो.”

“पत्रात म्हटलंय, दोन वर्षांत एक शब्द बदललेला नाही.”

“शब्द बदललेला नाहीच. जागा बदलली.” ताईंनी पिशवीतून दोन कागद काढले. “हा सप्ताहाच्या आधीचा. हा नंतरचा. वाचा.”

मॅनेजरनी दोन्ही वाचले. “हे दोन्ही सारखेच आहेत.”

“बरोबर. आमच्या साहेबांनाही सारखेच दिसले. आता इकडे या.”

ताई खिडकीपाशी गेल्या, एक कागद काचेला लावला, दुसरा बरोबर त्याच्यावर ठेवला, कडा जुळवल्या. उजेड दोन्हींतून आरपार आला. मजकूर मजकुरावर तंतोतंत बसला होता, फक्त एकाच वाक्याची सावली बाजूला सरकलेली, जणू कुणी त्याला धक्का देऊन रांगेतून बाहेर काढलं असावं. धिप्पाड माणूस वाकला आणि चष्मा कपाळावर नेऊन बघू लागला.

“एवढ्यानं?”

“एवढ्यानं ते वाक्य नमुन्याच्या चौकटीत गेलं आणि तिथं अर्धं कापलं गेलं. हे बघा, चौकटीत कसं दिसत होतं ते. आमच्या माणसानं जुनं पान पुन्हा उभं करून छापून दिलंय.” ताईंनी तिसरा कागद दिला. “वाचा, काय दिसतं?”

“‘ही सोय आकड्यांसाठीही वापरावी’,” मॅनेजरनी वाचलं. मग भाचीकडे पाहिलं. पुन्हा कागदाकडे. “अरेच्चा. ही पोरगी हेच तर सांगत होती आठवडाभर.”

“आठवडाभर सांगत होते,” भाची भिंतीपासून म्हणाली. “तुम्ही म्हणालात, चोराच्या उलट्या बोंबा.”

मॅनेजरना नेमकी तेव्हाच मोठी शिंक आली. ती संपवायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. मग ते ताईंनी पुढे केलेल्या, मंजुऱ्यांच्या पहिल्या पानाकडे वळले.

“आणि हे कुणी मंजूर केलं? दोन नावं दिसताहेत.”

“पहिलं आमच्या साहेबांचं.”

“आणि हे दुसरं?”

“माझं.”

खाली कुठंतरी ढकलगाडी खडखडत गेली. मॅनेजरनी चष्मा परत डोळ्यांवर आणला.

“म्हणजे पान तुम्ही लिहिलंत, बिघडवायला परवानगी तुम्ही दिलीत आणि आता तक्रारही तुम्हीच घेऊन आलात.”

“हो.”

“तुमच्या साहेबांना माहीत आहे तुम्ही इथं आलात ते?”

“दुपारी सांगणार आहे. त्यांना वाईट वाटेल.”

मॅनेजरनी चौकशीच्या कागदावर काहीतरी लिहिलं, दोन ओळींपेक्षा जास्त नाही, आणि सही केली. “चौकशी बंद. मुलगी कामावर. हे कागद माझ्याकडे राहतील. तुमच्या कंपनीला दुसरं पत्र जाईल आणि त्यात तुमचं नाव येईल, बाई. मला इलाज नाही.”

“मी मागितलेला नाही.”

भाचीनं ‘थँक्यू सर’ म्हटलं, पण असं की ऐकणाऱ्याला चापट वाटावी. दोघी बाहेर आल्या. लोखंडी जिन्यावर भाची पुढे, ताई मागे. ताईंना वाटलं, ही वळेल, गळ्यात पडेल, निदान ‘मावशी’ तरी म्हणेल. भाची वळली खरी.

“अकराशे चाळीस पानं, आणि पडद्यावर काहीच नाही. तुला विचित्र नाही वाटलं?”

“घाईत होते.”

“आईला तू सांगायचीस, मुलीला लाव माझ्यासारखं बारीक बघायला. मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय हे. मावशी स्पेस मोजते, मावशी स्पेस मोजते. म्हणून मी तुझं पान डोळे झाकून खरं मानलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर पट्टी ओढून बघितली असती.”

“नोकरी राहिली ना तुझी,” ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना ते लंगडं वाटलं.

“माझी राहिली. माझी मावशी आहे म्हणून राहिली.” भाची एक पायरी वर आली. “बाकीच्या पानांचं काय? तिथंही सरकलं असेल ना काहीतरी?”

“असेल.”

“किती पानांवर इशारे होते तुझे?”

“तीनशेच्या वर.”

“बघितलेस?”

“अजून नाही.”

“म्हणजे आत्ता कुठंतरी कुणीतरी तुझं पान वाचून माझ्यासारखा प्रोग्रॅम लिहीत बसलं असेल,” भाची म्हणाली, “आणि तू इथं जिन्यात उभी राहून मी गळ्यात पडायची वाट बघतेयस. जा ना!”

ताई चिडल्या. कुणावर ते विचारायलाही थांबल्या नाहीत. पर्स काखेत मारली आणि भाचीला बाजूला सारून, पन्नाशी उलटलेल्या बाईनं उतरू नयेत अशा दोन-दोन पायऱ्या उतरत निघाल्या.